४ एकर, एक सामाईक विहीर: सौर पंप ३ एचपी मागायचा की ५? आणि तुषार सेट चालेल का?

धुरा_दारव्हा

नमस्कार मंडळी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करायचा आहे. त्याआधी पंप नेमका कोणता मागायचा ते पक्कं करायचं आहे. माहिती देतो:

दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा. ७/१२ दोघा भावांचा सामाईक, ४ एकर, मध्यम ते भारी जमीन. विहीर एकच, बांधलेली, ४५ फूट खोल, २० फूट व्यास, ७/१२ वर नोंद आहे. पाणी डिसेंबरात काठापासून १८ फुटांवर असतं, एप्रिलमध्ये ३८ फुटांवर जातं. विहिरीपासून वावराचं वरचं टोक ७०० फूट लांब आणि साधारण १५ फूट उंच. लाइनीचं कनेक्शन नाही, डिझेल इंजिनावर ओलित चालतं.

२ एकर कपाशी-तूर ठिबकवर आहे (लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या ५ फुटांवर, ड्रिपर ४० सेंमीवर, ताशी २ लिटरचे). २ एकर हरभऱ्याला तुषार सेट, १२ मीटरवर नोझल.

३ की ५ एचपी? डीसी की एसी? तुषार सेट सौरवर ओढतच नाही असं गावात म्हणतात, खरं का?

---

पंप_पाइप

भाऊ, एचपी नंतर बघू. ४ एकरावर तुम्हाला ५ एचपीपर्यंत मिळतो (अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात) आणि त्याहून कमी मागायलाही मनाई नाही. पण पाणी ठरतं ते हेडवर (पाणी एकूण किती मीटर उंच ढकलायचं, त्यात घर्षण आणि दाबही मीटरमध्ये धरून). ३ एचपीतच ३०, ५०, ७०, १०० मीटर हेडचे वेगवेगळे पंप येतात. संयुक्त पाहणीच्या (पंप बसवण्याआधी विहीर-वावर बघायला येतात त्या) कागदावर जो आकडा पडतो तोच पंप गाडीतून उतरतो. '४५ फुटांची विहीर' ऐकलं की ३० मीटर लिहून मोकळं होण्याची घाई असते. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि हा हिशेब हातात ठेवा:

एप्रिलची पातळी ३८ फूट: ११.६ मीटर
वावराचा चढ १५ फूट: ४.६ मीटर
७०० फूट पाइपातलं घर्षण, ताशी १२ हजार लिटरला: ७५ मिमी पाइप असेल तर अडीच मीटर, ६३ मिमी असेल तर ६
ठिबकला लॅटरलवर १ किलो दाब म्हणजे १० मीटर, फिल्टर आणि व्हॉल्व्हचे ५: मिळून १५

बेरीज ७५ मिमीवर ३४ मीटर, ६३ वर साडेसदतीस. तुषारला नोझलवर २ ते अडीच किलो लागतो, तिथे हाच आकडा ४७ च्या घरात जातो. म्हणून ५० मीटरचा पंप मागा.

'३४ ला ३० चा चालून जाईल, चारच मीटरचा फरक' असं कोणी म्हणेल. लाइनीच्या मोटरीवर कदाचित चालून जाईल, सौरवर नाही. सौर मोटर उन्हाप्रमाणे कमी-जास्त फिरते. फेरे ७० टक्क्यांवर आले की दाब ७० टक्के राहत नाही, निम्मा होतो. ३० मीटरच्या पंपाचा बंद व्हॉल्व्हवरचा दाब ४५ मीटर असतो, ५० वाल्याचा ७०. तुमच्या ३४ मीटरवर पाणी चढवायला पहिल्याला पूर्ण ताकदीच्या दोन तृतीयांश वीज हवी, दुसरा एक तृतीयांशातच पाणी टाकायला लागतो. म्हणजे ३० वाला सकाळी दहा-साडेदहापर्यंत नुसताच फिरेल. कंट्रोलरवर (पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणाऱ्या डब्यावर) फेरे दिसतील, पाइपातून घोटभर पाणी येणार नाही, आणि लोक कंट्रोलर खराब म्हणून तक्रार टाकत बसतात.

डीसी-एसी मोटर: सौर पंपांच्या सरकारी मानकात पॅनेलच्या प्रत्येक वॉटमागे दिवसाला ५० मीटरवर डीसी २१ लिटर, एसी १९ लिटर. ३ एचपीला ३,००० वॉट, म्हणजे ६३ हजार आणि ५७ हजार लिटर. हे आकडे भरपूर उन्हाचे, पॅनेल दिवसभर सूर्याकडे वळवत ठेवून काढलेले. डिसेंबरात तीन चतुर्थांश धरा, ४५-४८ हजार. डीसी थोडं जास्त पाणी देतो, पण मोटर बिघडली तर गावातला वाइंडिंगवाला हात लावत नाही. पाच वर्षं देखभाल कंपनीकडेच असते, त्यामुळे पहिली पाच वर्षं डीसी बरा. सहाव्या वर्षाचा विचार ज्याचा त्याने करावा.

---

वखरपास

जास्त डोकं लावू नका, ५ एचपी घ्या. हिस्सा १० टक्केच भरायचा (अनुसूचित जाती-जमातीला ५), बाकी ३० टक्के केंद्राचं आणि उरलेलं राज्याचं. पात्रता ५ ची असताना ३ कशाला मागायचा? आणि तुषार ३ एचपीवर ओढत नाही हे खरंच आहे.

---

दोरी_आणि_फूटपट्टी

पंप ५ एचपीचा मिळेल, विहीर कोण वाढवून देणार?

२० फूट व्यासाच्या विहिरीत १ फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, जवळपास ९ हजार लिटर. डिसेंबरात तुमच्याकडे २७ फूट पाणी म्हणजे २ लाख ४० हजार लिटर साठा, त्यामुळे हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याला कोणताही पंप चालेल. अडचण फेब्रुवारीपासून. तेव्हा साठा संपलेला असतो आणि रोज जेवढं पाझरतं तेवढंच उपसता येतं.

तो पाझर मोजा. जानेवारीच्या शेवटी एक दिवस इंजिन लावून पाणी तळापासून ४-५ फुटांवर आणा. दुपारी चारला दोरीला दगड बांधून पातळी घ्या, दोरीला गाठ मारा. सकाळी सहाला पुन्हा मोजा. मध्ये कोणी बादलीही काढायची नाही. चार फूट चढलं तर १४ तासांत ३६ हजार, म्हणजे दिवसरात्रीचे ६० हजार लिटर. एवढ्या पाण्याला ३ एचपी पुरेसा. ५ एचपी ५० मीटरवर चांगल्या उन्हात लाखभर लिटर मागतो. मग दुपारी एकला, ऐन उन्हात, कंट्रोलर 'ड्राय रन' (पंपाला पाणी नाही) दाखवून थांबेल आणि पातळी चढेपर्यंत चालू-बंद खेळत बसेल. पाझर ७५ हजारांच्या वर निघाला तर खुशाल ५ घ्या, पण मग ७०० फुटांची मुख्य लाइन ९० मिमीची टाका. ७५ मिमीत ५ एचपीचं पाणी ढकलताना ६ मीटर घर्षणातच जातात.

संत्रा किंवा उन्हाळी भुईमूग करायचा विचार असेल तर गणित बदलतं. सध्याच्या पिकांना नाही.

आता भावाभावांच्या पाळीचं. इंजिनावर 'तू चार तास, मी चार तास' चालतं, सौरवर हा सगळ्यात भांडणाचा करार. सकाळी नऊच्या तासाला जेवढं पाणी येतं त्याच्या तिप्पट दुपारी बाराला येतं. सकाळचे तास ज्याच्या वाट्याला येतात तो महिनाभरात कुरकुर करायला लागतो, आणि त्याचं बरोबर असतं. तास वाटू नका, दिवस वाटा. आभाळाच्या दिवसांचा वाद नको असेल तर मुख्य लाइनीवर पाण्याचं मीटर बसवा आणि लिटर वाटा. मीटर फिल्टरच्या पुढे लावा, मागे लावलं तर कचऱ्याने अडकतं.

सामाईक ७/१२ असल्यामुळे दुसऱ्या भावाचं ना-हरकत मुद्रांकावर लागेल. पाळीचा करार त्याच वेळी साध्या कागदावर लिहून ठेवा.

---

नोझल_मोजणारा

तुषार सौरवर 'ओढत नाही' हे अर्धं खरं. लोक लाइनीच्या ५ एचपीवर १२-१५ नोझल लावायचे, तेवढेच सौर ३ एचपीवर लावतात. दाब एक किलोच्याही खाली येतो, नोझल फिरत नाही, एका जागी पिचकारी मारत राहतो. त्या गोलात हरभरा पिवळा पडतो आणि बाहेर कोरडं राहतं.

एक नोझल अडीच किलोला ताशी १,८०० ते २,००० लिटर घेतो. ३ एचपी ५० मीटरवर भर दुपारी ९ हजारांच्या आसपास देतो. म्हणजे नोझल ४, फार तर ५. बस्स. १२ बाय १२ वर तासाला १३ मिमी पडतं, तीन तासांत ४० मिमी. साडेनऊ-दहाला सुरू करून चारपर्यंत दोन पाळ्या. पहिल्या पाळीचे पाइप साडेबाराला हलवा. दोनला हलवलात तर दुसऱ्या पाळीला उन्हाची उतरती बाजू मिळते आणि तेवढाच वेळ देऊनही पाणी कमी पडतं.

एकराला ४० मिमी म्हणजे १ लाख ६० हजार लिटर, तीन ते साडेतीन दिवस. २ एकर हरभरा आठवड्यात भिजतो. हरभऱ्याची पाणी द्यायची वेळ फांद्या फुटताना (३०-३५ दिवस) आणि घाटे भरताना (६०-६५ दिवस), मध्ये महिनाभर आहे. घाई कशाची? भारी जमिनीत फुलोऱ्यात तुषार लावूच नका, झाड नुसतं माजतं.

तीच नळी खाली ठेवून रेनपाइप (बारीक भोकांची नळी) लावला तर अर्धा ते एक किलोत काम होतं, सकाळी नऊलाही चालतो. वाऱ्यात मात्र पाणी एका बाजूला उडतं आणि दोन हंगामांत भोकं मोठी होतात.

ठिबकचं: तुमच्या मापाने एका एकरात साधारण ६,६०० ड्रिपर, २ लिटरने ताशी १३ हजार लिटर. ५० मीटरचा ३ एचपी तुमच्या ३४ मीटरवर भर दुपारी १०-११ हजार देईल. एक एकर एकदम उघडलं तर लॅटरलच्या शेवटी पाणी पोचत नाही. अर्ध्या-अर्ध्या एकराचे चार भाग करा, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. सकाळी एक उघडा, अकरा ते दोन दीड (दुसरा अर्धवट), पुन्हा एक. व्हॉल्व्ह किती उघडायचा ते घड्याळ बघून ठरवायचं नाही, फिल्टरपुढच्या दाबमापकावर काटा १ किलोच्या खाली गेला की एक भाग बंद. दीडशे-दोनशे रुपयांचं मापक लावायचा कंटाळा करू नका, सौर ठिबकात डोळे तेच आहेत.

विहिरीच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, शेवाळ असतं. आधी वाळूचा, मग जाळीचा. दोन्ही बाजूंच्या मापकांत अर्ध्या किलोचा फरक आला की धुवा. तो अर्धा किलो म्हणजे ५ मीटर हेड, फुकट गेलेलं.

---

सावली_मोजा

बसवतानाच्या गोष्टींवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जागा: आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो, म्हणजे झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी, उत्तरेकडे. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला जवळपास दुप्पट, तिरकी. धुऱ्यावर ३० फुटांचं कडुनिंब दक्षिणेला, आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर पॅनेल त्यापासून ६० फूट लांब. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात. एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी संपूर्ण ओळीची ताकद घसरते. विहिरीजवळच ठेवायचा हट्ट नको, तार ५० फूट वाढली तर चालते.

उतार: आपलं अक्षांश २० च्या आसपास. वर्षभर एकच कोन ठेवायचा तर २० अंश. सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी ३५, मार्चनंतर ५-१०. तुमचं मुख्य ओलित रब्बीचं, तेव्हा ३५ विसरू नका. पूर्व-पश्चिम वळवता येणारा सांगाडा असेल तर सकाळी, बाराला आणि दोन-अडीचला वळवा. बहुतेक ठिकाणी पहिल्या महिन्यानंतर कोणी वळवत नाही, बोल्ट गंजून जातो आणि मग वळवायचं म्हटलं तरी वळत नाही. ग्रीस लावत जा.

सही करण्याआधी: प्रत्येक पॅनेलच्या मागच्या पट्टीवरचे वॉट वाचा आणि बेरीज करा, ३ एचपीला ३,०००, ५ ला ४,८०० पेक्षा कमी नको. पंपावरच्या पट्टीवर हेड ५० मीटर लिहिलंय का बघा, पंप विहिरीत सोडल्यावर काही दिसत नाही. अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे हवेत, वीजरोधकाचा वेगळा आणि कंट्रोलरचा वेगळा. एकाच खड्ड्यात दोन्ही तारा घातल्या तर सांगाड्यावर पडलेली वीज थेट कंट्रोलरमध्ये येते. पायाचं काँक्रीट किमान आठवडाभर पाणी मारल्यावरच पॅनेल चढवू द्या. मानकाप्रमाणे सांगाडा ताशी १५० किमी वारा झेलणारा हवा, पण मे महिन्याच्या वावटळीत सांगाडा नाही, कच्चा पाया उपटतो.

पंप तळापासून किमान ३ फूट वर टांगा. पावसात काळ्या मातीचा गाळ येतो. बोअरचा लांबट पंप रुंद विहिरीत टांगला तर मोटरीवरून पाणी वाहत नाही आणि ती तापते. बाहेरून पाइपाचं जॅकेट असलंच पाहिजे.

सगळं झाल्यावर वावराच्या वरच्या टोकाला, ठिबकच्या दाबावर (मापक १ किलो), बाराच्या उन्हात २०० लिटरचा ड्रम भरा. ३ एचपीला ६५-७० सेकंदांत भरला पाहिजे. विहिरीच्या तोंडाशी दाखवलेली धार बघून सही करू नका. तिथे चढच नसतो, कोणताही पंप धो धो दिसतो.

नंतरची काळजी: सोयाबीन-तुरीची मळणी झाली की पॅनेलवर भुशाचा थर बसतो, त्या आठवड्यात दोनदा धुवा. एरवी पंधरा दिवसांनी. सकाळी लवकर धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. पऱ्हाटी-तुराटीचा ढीग सांगाड्याखाली रचू नका. उंदीर तिथूनच तारेला लागतात आणि ढीग पेटला तर पॅनेलही जातं. माकडं आणि रोही असतील तर तारा पाइपातून घेऊन बांधून टाका, लोंबती तार एक दिवस टिकत नाही.

चोरी किंवा वादळाचं नुकसान झालं तर आधी फोटो, मग पोलीस तक्रार किंवा पंचनामा, मगच वस्तू हलवा. पाच वर्षं विमा असतो, पण कागद नसला की तो अडतो. कंट्रोलर, मोटर आणि पॅनेल यांच्या क्रमांकांचे फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा.

---

पूर्णाकाठ

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून (जिथे जमिनीतलं पाणी खारं आहे) कोणी वाचत असेल तर वरचं विहिरीचं गणित तसंच उचलू नका. आपल्याकडे पाणी शेततळ्याचं. तिथे पाण्यात सोडायच्या पंपाऐवजी काठावरचा पंप चालतो, पण पाणी पंपापासून ६ मीटरपेक्षा खाली गेलं की तो ओढत नाही, म्हणून पाणी उतरेल तसा पंप खाली घ्यावा लागतो. स्वतःचं शेततळं चालतं, जलसंधारणाच्या कामातल्या साठ्यातून उपसायला हे पंप चालत नाहीत. आणि खाऱ्या पाण्याने पॅनेल धुऊ नका, पांढरा थर बसतो तो घासूनही निघत नाही.

---

वखरपास

दोरीवाल्यांचा हिशेब पटला. पण ५ एचपी घेऊन कंट्रोलरमध्ये जास्तीत जास्त फेरे कमी करून ठेवले तर? सकाळी लवकर सुरू होईल आणि विहीरही टिकेल.

---

पंप_पाइप

होतं तसं, सकाळचा फायदाही खरा आहे. पण फेरे कमी केले की दाब वर्गाने पडतो, म्हणजे तुषारचा दाबच जातो. ठिबक एके ठिबक असेल तर चालेल. सेटिंग कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, स्वतः मेनूत शिरलं की हमीवरून वाद होतो.

---

धुरा_दारव्हा

सगळ्यांचे आभार. जानेवारीत दोरी लावतो. आता तरी ३ एचपी, ५० मीटर, डीसी असं धरलं आहे. एकच राहिलं: जमिनीत ६३ मिमीची जुनी लाइन आहे, ४ किलो दाब झेलणारी. ती उकरून ७५ टाकायची का?

---

पंप_पाइप

उकरू नका. शेजारून दुसरी ६३ मिमीची लाइन टाका आणि दोन्ही टोकांना जोडा. पाणी अर्धं-अर्धं वाटलं गेलं की घर्षण ६ वरून पावणेदोन मीटरवर येतं, एका ७५ पेक्षाही कमी.

काळजी ४ किलोची करा. सगळे व्हॉल्व्ह बंद आणि ऊन आलं, तर ५० मीटरचा पंप ७० मीटरपर्यंत दाब चढवतो. हिवाळ्यात पाणी वर असताना विहिरीच्या काठावर त्यातले सहा किलोच्या वर पाइपावर येतात. जुनी लाइन पहिल्याच दिवशी सांध्यात फुटेल, आणि फुटेल ती जमिनीखाली. नवीन लाइन ६ किलोची घ्या. विहिरीच्या काठावर साडेतीन किलोला उघडणारा दाबमुक्ती व्हॉल्व्ह लावून त्याचं तोंड परत विहिरीत सोडा. ठिबकला आणि चार-पाच नोझलला काठावर साधारण तीन-सव्वातीन किलोच लागतो, त्यामुळे काम अडणार नाही. भाग बदलताना नेहमी आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग मागचा बंद करायचा. हे दोन्ही भावांना आणि सालदारालाही सांगून ठेवा.